नाव पुरं लिवजो

मी काय काम करते, हे माझ्या आईला अजून नीट सांगता येत नाही. दिग्रसला शेजारच्या काकूंनी विचारलं की ती 'पेपरात आहे' म्हणते. 'कोणत्या पेपरात?' हा पुढचा प्रश्न आला की चहा टाकायला आत निघून जाते. तिचा काय दोष? 'फ्रीलान्स' हा शब्द मलाही मराठीत धड सांगता येत नाही. 'मुक्त पत्रकार' म्हटलं की आपण नुकतेच कुठून तरी सुटून आलोय असं वाटतं!

तर, मी मुक्त पत्रकार. वय अठ्ठावीस, मास कम्युनिकेशनची डिग्री, पुण्यात तिघींमध्ये एक फ्लॅट, हप्त्यावरचा लॅपटॉप आणि कलाकारांच्या मुलाखती या प्रकारात बऱ्यापैकी नाव. चित्रकार, गायक, नाटकवाले, झालंच तर नोकरी सोडून कुंभारकाम करणारे आयटीवाले, यांना गाठायचं, तासभर बोलायचं आणि आठशे शब्दांत असं लिहायचं, की सकाळी कॉफी पिता पिता वाचणाऱ्याला तो माणूस समोर बसल्यासारखा वाटला पाहिजे. पैसे शब्दावर. तेही लेख छापून आल्यावर दीडेक महिन्यानं, टीडीएस कापून. तोवर बँकेच्या मेसेजची वाट बघायची. तुम्ही एक तारखेला पगार घेणारी मंडळी, तुम्हाला यातलं थ्रिल कळायचं नाही. (मलाही वीस तारखेनंतर कळत नाही.)

पुण्यातल्या मुलाखतींची एक चाल ठरलेली आहे. मी काय विचारणार हे कलाकाराला माहीत असतं, तो काय सांगणार हे मला. लहानपणी आजीनं दिलेला रंगाचा डबा असतो. नोकरी सोडली तो दिवस असतो. 'कला माझ्यासाठी एक प्रवास आहे' हे वाक्य साधारण पस्तिसाव्या मिनिटाला येतं. यात खोटं काही नसतं बरं का. प्रत्येकाच्या आजीनं खरंच डबा दिलेला असतो. पण चौथ्या-पाचव्या डब्यानंतर आपलंच पेन जड व्हायला लागतं. मग फोटोग्राफर येतो, खिडकीजवळ उभं करतो. लेख आला की ते इन्स्टावर टाकतात, मला टॅग करतात, मी हार्ट देते. विषय संपला.

गेल्या दिवाळीआधी एका मासिकाच्या संपादकांना अचानक छोट्या गावांतले कलाकार हवेसे झाले. 'तू तिकडचीच ना, विदर्भातली? मग काहीतरी कलरफुल आण.' मी तशीही घरी जाणारच होते. म्हटलं, चला, तिकिटाचे पैसे सुटतील.

दिग्रस तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, धावंडा नदीच्या काठी. घंटीबाबांचं देवस्थान, जवळ अरुणावतीचं धरण, चहूकडे काळी माती आणि त्या मातीत कापूस नाहीतर सोयाबीन. पुण्याहून ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर पाठ शेकून घ्यायची, पाचशेच्या वर किलोमीटर. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. फेब्रुवारी २०२४मध्ये तिचा वर्धा ते कळंब हा तुकडा सुरू झाला, तेव्हा बाबांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. आवाज असा, की जणू गाडी आमच्या अंगणात थांबणार आहे.

पुण्यात 'मी यवतमाळ जिल्ह्यातली' म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणतो. का ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या जिल्ह्याला बातमी एकच. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण देऊन ते मागे घेतलं गेलं, त्यावरून रान पेटलं, आणि अखेर राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टी टाकून मंडपात जाऊन बसले होते. 'शेतकऱ्याची विधवा' हे शब्द मी वाचलेल्या बहुतेक मथळ्यांत होते. त्याच वैशालीताई 'तेरवं' या नाटकात कामही करत होत्या. श्याम पेटकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं नाटक. ही गोष्ट सापडली तर तळाच्या परिच्छेदात सापडायची. मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला आम्हाला शिकवतात: बातमी म्हणजे उलटा पिरॅमिड, महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली. म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं. बाई नटी आहे हे खाली होतं.

असो. मी कलरफुल शोधायला निघाले.

पहिले भेटले पेंटर. दारव्हा रोडला टिनाचं शेड, आत टर्पेन्टाइनचा वास आणि भिंतीला टेकवलेली एक शववाहिनीची पाटी. आमच्या लहानपणी गावातली निम्मी अक्षरं यांच्या हातची होती. किराणा, कृषी केंद्र, दवाखाना, ट्रॅक्टरच्या मागचं 'आईचा आशीर्वाद'. मी बाराखडी शाळेत शिकले असेन, पण वाचायला शिकले ती यांच्या पाट्यांवर. गेरूत भिजवलेला दोरा दोन टोकांना ताणायचा आणि मधून चिमटीत धरून फट्‌कन सोडायचा, की भिंतीवर सरळ रेघ. मग अक्षरं. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. 'शिरोरेषा आंधी मारली का हात बांधला जाते,' ते म्हणाले. मी घाईघाईनं लिहून घेतलं. (अशी वाक्यं मिळाली की आमच्या धंद्यात दिवस भरला म्हणतात.)

फ्लेक्स आला आणि धंदा बसला, ही गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत संपवली. हल्ली शाळांच्या भिंती, अंगणवाड्यांवर छोटा भीम, कुणी फारच हौशी असेल तर गाडीची नंबरप्लेट. आधी ते अक्षरावर पैसे घ्यायचे, आता फुटावर घेतात. मी म्हटलं, काका, मलाही तसेच मिळतात, शब्दावर. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

'म्हंजे शब्दात अक्षरं कितीबी असले तरी भाव एकच?'

'हो.'

'मंग लहान लहान शब्द लिवत जाय न वं!'

फ्रीलान्सिंगबद्दल इतका कामाचा सल्ला मला आजवर एकाही वर्कशॉपमध्ये मिळालेला नाही. निघताना त्यांनी एकच मागणी केली, लेखात मोबाइल नंबर टाक. संपादक नंबर छापू देत नाहीत, मी सांगितलं. 'मंग काय उपेग?' इतक्या सरळ आवाजात विचारलं, की मला उत्तर सुचेना. शेवटी त्यांचा एक फोटो घेतला, ज्यात मागे शेडवरची पाटी आणि पाटीवर नंबर. तो फोटो लागला, नंबरसकट. कला-संपादकाच्या नजरेतून सुटला असावा, किंवा त्यालाही पेंटर आवडले असावेत.

दुसऱ्या होत्या एका तांड्यावरच्या याडी. याडी म्हणजे आई, गोरमाटीत. आमचा भाग बंजारा समाजाचा, पोहरादेवी जवळच. ५ ऑक्टोबर २०२४ला तिथे बंजारा विरासत म्युझियमचं उद्घाटन झालं, त्या गर्दीत याडी जाऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रंकेतून लेकीसाठी भरलेली कांचळी आणि फेटिया काढून दाखवला. आरसे, कवड्या, आणि इतके बारीक टाके की मी मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठे करून पाहिले. पण मुलाखत काही जमली नाही. मी 'कला' म्हटलं की त्या 'कपडे' म्हणायच्या. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणींकडे 'बंजारा' नावाच्या मशीनवर छापलेल्या पिशव्या आहेत, त्यांची किंमत सांगितली तेव्हा त्या हसल्या आणि मला जेवायला बसवलं. फोटो कपड्याचा काढ, माझा नको, नाव नको, छापून आलं तर कळवायचीही गरज नाही. एकदम क्लिअर! आपल्याविषयी कुणी लिहावं असं न वाटणारा माणूस मला या कामात क्वचितच भेटतो. त्यांच्यावर मी लिहिलं नाही. हा परिच्छेद सोडला तर.

आता तिसरी भेट. खरं तर मला यांच्याबद्दलच सांगायचंय.

आमच्या घराच्या गच्चीवरून एप्रिलच्या रात्री गाणं ऐकू यायचं. १४ एप्रिलच्या पुढे-मागे पंधरा-वीस दिवस, आणि पुन्हा ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास. हार्मोनियम, ढोलकी, आणि एक पुरुषी आवाज जो वर जाताना किंचित चिरायचा. मागोमाग एक बाईचा आवाज, जो कधीच चिरायचा नाही. परीक्षेचे दिवस असायचे, आई गच्चीचं दार लावून घ्यायला सांगायची, मी लावायची नाही. ती होती गायन पार्टी. भीमगीतं गाणाऱ्या संचाला आमच्याकडे पार्टीच म्हणतात. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत अशाच पार्ट्यांनी पोचवली. कधी दोन पार्ट्यांचा सामना लागतो. एकीनं गाण्यातून सवाल करायचा, दुसरीनं जवाब द्यायचा, आणि हे पहाटेपर्यंत.

त्या चिरणाऱ्या आवाजाचे काका आता पासष्टीचे आहेत. आयुष्यभर दिवसा जिनिंगवर हमाली, रात्री गाणं. मी गेले तेव्हा अंगणात खाट टाकून बसले होते. 'तू त्या पोस्टातल्या बाबूची पोरगी न वं?' एवढी ओळख पुरली. बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण गावात माझा पत्ता अजून तोच आहे.

मी माझे प्रश्न काढले. गाताना काय वाटतं?

'काय वाटन? झोप वाटते. रातचे तीन वाजते.'

प्रेरणा?

'सुपारी आली का जायाचं.'

हे असं वीसेक मिनिटं चाललं. मग काकांनीच मुलाखत आपल्या हातात घेतली. त्यांनी विचारलं, मासिकाच्या पानावर तारीख राहते का. राहते, मी म्हटलं. प्रत्येक पानावर? हो, खाली बारीक अक्षरात. नाव छापताना बापाचं नाव टाकतात का? गाव, तालुका, जिल्हा? किती वर्षांपासून गाते, हे लिहून येईल का? 'नाव पुरं लिवजो,' ते म्हणाले. मग आत जाऊन बियाण्याच्या कंपनीची एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले आणि खाटेवर उपडी केली.

त्या पिशवीत त्यांची चाळीस वर्षं होती. तीन पत्रकं, गुलाबी कागदावरची, घड्यांवर फाटलेली. एक ग्रुप फोटो. एका मंडळानं दिलेलं सन्मानपत्र, ज्यात आडनाव चुकलेलं. बस. बाकी सगळे कार्यक्रम हवेत. रात्री दहाला सुरू होऊन पहाटे चारला संपणाऱ्या वस्तीतल्या कार्यक्रमाला कोणता बातमीदार येतो? पेपरचं पान त्याआधीच छापायला गेलेलं असतं.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर ऐका. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देण्याची राज्य शासनाची एक योजना आहे, १९५४-५५पासूनची. पूर्वी त्यात अ, ब, क असे वर्ग होते. राष्ट्रीय पातळीवरच्या कलावंताला सगळ्यात जास्त, स्थानिकाला सगळ्यात कमी. क वर्गाला महिना २,२५० रुपये. २०२४मध्ये वर्ग गेले, योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं आणि सरसकट महिना ५,००० रुपये झाले. वय पन्नासच्या वर, उत्पन्न कमी, आणि कला क्षेत्रात किमान १५ वर्षं काम, अशा अटी. वय आधार कार्डावर असतं. उत्पन्नाचा दाखला मिळतो. पण पंधरा वर्षं गायलात याचा दाखला कोण देणार? तिथे लागतात पुरावे: प्रमाणपत्रं, सन्मानपत्रं, आणि वर्तमानपत्रांतली, मासिकांतली कात्रणं.

कात्रण! आमच्या पुण्यातल्या कलाकाराला ते कशाला लागतं? वेबसाइटवर 'इन द मीडिया' नावाचं एक पान असतं, तिथे टाकायला. आणि इथे हा माणूस मला, आठशे शब्द लिहिणाऱ्या मुलीला, तलाठ्याकडे बघावं तसा बघत होता. माझ्या लेखाला महिना पाच हजारांचं मूल्य असू शकतं, हे माझ्या कुठल्याही संपादकानं मला कधी सांगितलं नव्हतं. आणि ते मूल्य माझ्या शैलीत नव्हतं हो. पानाच्या तळाशी असलेल्या तारखेत होतं.

काकांनी अजून अर्ज दिलेला नाही. फाइल पुरी झाल्याशिवाय द्यायची नाही, असं त्यांच्या मुलानं त्यांना सांगितलंय.

एवढ्यात त्या आल्या. न चिरणारा आवाज. साठी ओलांडलेल्या, डोक्यावर पदर, हातात शेतातून आणलेली तुरीच्या शेंगांची पिशवी. काकांच्या मागे तीस वर्षं गायल्या. मी त्यांना सांगितलं, तुमचा आवाज मी गच्चीवरून ऐकायची, बारावीचा अभ्यास सोडून. त्या म्हणाल्या, 'मंग पास झाली का?'

खाटेवरची पत्रकं मी पुन्हा पाहिली. तिन्हींवर काकांचं नाव ठळक, मोठ्या टायपात. खाली लहान अक्षरात: 'आणि पार्टी'. मी त्यांच्याकडे पाहिलं. 'थे पार्टी म्हंजे मीच,' त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलायला बसल्या. म्हणजे काकांकडे निदान तीन कागद आहेत. यांच्याकडे एकही नाही. ढोलकीवाल्याकडे नाही, झांजवाल्याकडे नाही, कोरस धरणाऱ्या त्यांच्या पुतण्याकडे नाही. तीस वर्षं लोकांनी ज्यांना ऐकलं, ते कागदोपत्री कधी गायलेच नाहीत.

मी वही उघडून त्यांना आयुष्याबद्दल विचारायला लागले. सवयच ती. लग्न कधी, गाणं कुणी शिकवलं, घरच्यांचा विरोध होता का. त्यांनी दोन-तीन उत्तरं दिली आणि मग हात वर करून थांबवलं.

'माही गोठ नोको लिवू. माहं नाव लिव.'

परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये मला झोप आली नाही, त्याला खिडकीची काच खडखडत होती हे कारण पुरेसं होतं. पण तरी. आम्हाला शिकवतात की गोष्ट सांगा. नावं, गावं, सनावळ्या या लेखाला जड करतात. वाचक तिथेच पान उलटतो. आणि ते खरं आहे. तुम्हीही उलटाल. पाच अनोळखी माणसांची बापाच्या नावासकट, तालुका-जिल्ह्यासकट पूर्ण नावं तुम्ही मेट्रोत उभ्यानं कशाला वाचाल? आणि त्या बाईला मात्र नेमकं तेवढंच छापून हवं होतं. तिचा नवरा, तिची गरिबी, तिचा जिद्दीचा चेहरा, हे सगळं मला उपयोगाचं. तिला पाच शब्द हवे होते. शब्दावर पैसे घेणाऱ्या माणसाला हा हिशेब कळायला हवा!

लेख अकराशे शब्दांचा झाला. पाचही नावं मी दुसऱ्या परिच्छेदात घातली. पूर्ण. कोण काय वाजवतं, कोण कधीपासून गातं, साल घालून. तळाशी ठेवली तर काय होतं, ते मास कॉममध्ये शिकले होतेच. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन: 'सुंदर झालाय, पण ही मधेच जनगणना कशाला?' मी योजनेबद्दल सांगितलं. ते ऐकत होते, माणूस चांगला आहे. मग म्हणाले, 'पण वाचकाला यातून काय मिळतं?' काही नाही, मी म्हटलं. वाचकाला यातून काहीही मिळत नाही. फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. साडेसातशे शब्दांवर आणायचा होता लेख, समोरच्या पानावर फ्लॅट्सची जाहिरात होती.

शेवटी सौदा झाला तो चौकटीवर. डाव्या हाताला, फिक्या पिवळ्या रंगात, एक छोटी चौकट: 'संचातील कलावंत'. पाच ओळी. बदल्यात माझा चंद्र गेला. गच्ची, चंद्र, चिरलेला आवाज असं एक वाक्य होतं, जे लिहून झाल्यावर मी रूममेटला वाचून दाखवलं होतं. तिला ते फार आवडलं होतं. पेंटरकाकांचा सल्ला आठवला. चंद्राचं वाक्य तसंही मोठ्या मोठ्या शब्दांचं होतं.

(त्यांची नावं मी इथे देत नाहीये. हा लेख कुणाच्या फाइलीत लागायचा नाही. तो लागला आहे.)

अंक आला त्या दिवशी काकांच्या मुलाला मी पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप केला. तासाभरात काकांचा फोन. आधी त्यांनी विचारलं, 'तुले किती भेटले याचे?' मी आकडा सांगितला. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. ते मनात हिशेब करत असावेत. एका रात्रीची सुपारी, गाडीभाडं वजा, पाच जणांत वाटून. 'चांगले हायेत,' ते म्हणाले. नुसतं एवढंच. त्या दोन शब्दांत टोमणा होता की कौतुक, यावर मी अजून विचार करते. वऱ्हाडी माणसाचा आवाज फोनवर कळत नाही. चेहरा समोर लागतो.

मग कामाचं बोलणं. मोबाइलवरचा फोटो चालत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. झेरॉक्सवर चौकटीचा पिवळा रंग काळपट येतो आणि आतली नावं वाचता येत नाहीत, हे त्यांनी स्वतःच एक प्रिंट काढून तपासलं होतं. अंकच पाहिजे. अख्खा, तारखेसकट. किती? 'पाच जनं हावो. पाच पाठव.'

लेखकाला अंक मिळतो एक. तो पहिला. दुसरा रूममेटनं घेतलेला होता, तिच्याकडून परत मागितला. दोन डेक्कनच्या स्टॉलवर मिळाले, स्टॉलवाल्यानं 'तुमचा फोटो आलाय का?' असं विचारलं. पाचवा कुठेच मिळेना. नवा अंक आला की जुने परत जातात. तीन स्टॉल, एक स्टेशन, एक ओळखीचा रद्दीवाला फिरून झाला. संपादकांकडे मागितला तर त्यांचा फाइलचा अंक देता येत नव्हता, बरोबरच आहे.

शनिवारी आमच्या खालच्या सलूनमध्ये केस कापायला गेले, तर समोरच्या टीपॉयवर तोच अंक. कोपरे दुमडलेले, कव्हरवर कॉफीचा गोल. मी आधी ते पान पाहिलं. समोरच्या पानावरची फ्लॅट्सची जाहिरात कुणीतरी नीट घडी घालून फाडून नेली होती. आमचं पान मात्र शाबूत. चौकट होती, तारीख होती. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, हा अंक घेऊन जाऊ का, पैसे देते. ती म्हणाली, 'घ्या ना मॅम, जुना आहे.'

पाचही अंक मी स्पीड पोस्टानं पाठवले. कॉफीचा गोल असलेला कुणाच्या वाट्याला गेला, ते विचारलेलं नाही.